दर्याक खय वाचूक येता?

आमच्या मेनूकार्डावर ‘कॅच ऑफ द डे’ असं छापलेलं होतं आणि तो मासा व्हिएतनामहून यायचा. बासा, गोठवलेला, खोक्यातून. आमचं हॉटेल मालवणजवळ देवबागच्या वाटेवर आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, मधे वाळूची चिंचोळी पट्टी, माड आणि चौतीस खुर्च्यांचं आमचं इटालियन. दोन्हीकडे पाणी असताना आम्ही पाकीट फोडून मासा तळत होतो आणि दोन वर्षं मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

पुण्यात इटालियन स्वयंपाकघरांत मी आठ वर्षं काढली. तिथे मासा फ्रीझरमधून येतो, रोज येतो, एकाच मापाचा येतो. गावी परतून मावसभावाबरोबर हॉटेल काढलं तेव्हा हाताला तीच सवय होती, म्हणून मेनूही तोच उचलून आणला. माशांचे सात पदार्थ. कोळंबी आंध्रच्या तळ्यांतली व्हॅनामेई, सामन नॉर्वेचा, माकुलाच्या, म्हणजे स्क्विडच्या, चकत्या पाकिटातल्या. मालवणात उगवलेलं म्हणाल तर लसणीच्या पावावरची कोथिंबीर, आणि तीही बेळगावची निघाली.

डोळे उघडले ते आबांमुळे. माझे आजोबा, उमेदीची वर्षं रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, दोर ओढलेले. हॉटेलला दोन वर्षं झाली म्हणून त्यांना मुद्दाम आणून बसवलं आणि लिंबू-लोण्यातला मासा वाढला. त्यांनी एक तुकडा खाल्ला, काटा खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, “गो, ह्या माशाक वास खय गेलो?”

मी हसून वेळ मारून नेली. रात्री मात्र बिलांची फाइल काढून बसले. सातपैकी पाच पदार्थांचा मासा या किनाऱ्यावरचा नव्हताच. उरलेल्या दोनांत एक ‘रावस’ होता, मुंबईच्या एका पुरवठादाराकडून साफ करून, कातडं काढून यायचा. फ्रीझरमधून एक पाकीट काढलं, वितळवलं, बोटाने दाबलं. पांढरं, ओलसर, बेचव मांस. रावसाच्या भावात आम्ही बासाच विकत घेत होतो. दुसऱ्या दिवशी फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, “मॅडम, कस्टमरला कुठे कळतंय?” हे वाक्य ऐकून राग आला खरा, पण मलाही दोन वर्षं कळलं नव्हतं, त्यामुळे फार बोलता आलं नाही.

मग बंदर. संध्याकाळी होड्या लागल्या की मालवणात किनाऱ्यावर लिलाव होतो. पहिल्या दिवशी मी पैसे घेऊन गेले आणि पैसे घेऊनच परत आले. लिलाव टपावर चालतो. बांगड्याचा अख्खा टप, सुरमईचा अख्खा ढीग. बोली लावणाऱ्यांच्या मागे गोव्याच्या, कोल्हापूरच्या गाड्या उभ्या असतात. मला हवा होता पाच जातींचा मिळून दिवसाला दहा किलो मासा. मी तोंड उघडेपर्यंत टप उचललेलाही असायचा. तिसऱ्या दिवशी एका तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, गाठून सांगितलं की मला रोज अमुक मासा, अमुक मापाचा हवा, मेनूवर आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे पाहिलं. म्हणाला, “मेनू तू छापलंस, दर्याक खय वाचूक येता?”

सगळे हसले. मीही हसले, पण घरी येईपर्यंत ते वाक्य कानातून जाईना.

वाट काढून दिली ती बाजारात बसणाऱ्या एका काकीने. ती लिलावात टप घेते आणि वाटे लावून विकते. तिच्याशी बोली अशी ठरली: सकाळी साडेसातला तिने फोन करायचा, काय आलंय ते सांगायचं, मी त्यातून उचलायचं. भाव लिलावाचा, वर किलोमागे ठरलेली तिची मजुरी. उधारी नाही. मावसभावाने वहीत हिशोब मांडला आणि म्हणाला, “याला सप्लाय चेन म्हणतात का?” म्हटलं, म्हणू दे.

काकीकडून पहिल्यांदा शिकले ते मासा कुठल्या जाळ्यातला हे ओळखायला. कांडाळीत, म्हणजे गिलनेटमध्ये, अडकलेल्या माशाच्या कल्ल्यामागे जाळ्याचा वळ उठलेला असतो, बाकी अंग स्वच्छ. ट्रॉलरचा मासा जाळ्यात बाकीच्या मालाखाली तासन्‌तास चेपलेला असतो. खवले गेलेले, पोट मऊ. दोघांच्या भावात फरक पडतो आणि तो बरोबरच आहे. पर्ससीनचं, म्हणजे माशांचा अख्खा थवा वेढून उचलणाऱ्या मोठ्या जाळ्याचं, भांडण इथे घरोघरी माहीत आहे. 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने राज्याच्या हद्दीत पर्ससीनला 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर एवढीच मुभा राहिली, आणि एलईडीचे दिवे लावून मासे गोळा करण्यावर केंद्राने 2017 मध्ये बंदी आणली. कागदावर. रात्री किनाऱ्यावर बसलं तर क्षितिजावर दिवे दिसतात आणि ते कशाचे हे इथल्या पोरासोरांनाही माहीत असतं.

पण म्हणून पारंपरिक ते सगळं पवित्र असंही मी म्हणणार नाही. आबांची रापण मी लहानपणी पाहिली आहे. पन्नास माणसं दोर ओढतात, जाळं वाळूवर येतं आणि त्यात जे काही होतं ते सगळं येतं. बोटाएवढी पिल्लंसुद्धा. आबांना हे बोलून दाखवलं तर दोन दिवस बोलले नाहीत.

मापाचं प्रकरण सुरमईवरून निघालं. आमच्याकडे तिला इसवण म्हणतात. हॉटेलवाल्यांना हातभर लांबीची इसवण आवडते, कारण तिच्या तुकड्या ताटात नेमक्या बसतात. अडचण ही की सुरमई अंडी घालण्याजोगी होते तेव्हा ती पाऊण मीटरच्या आसपास पोचलेली असते. म्हणजे थाळीत सुबक दिसणारी प्रत्येक तुकडी एकदाही न व्यायलेल्या माशाची. राज्य सरकारने 2023 मध्ये 54 जातींसाठी किमान आकार ठरवून दिला. त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा म्हणून मान मिळाला, आणि त्याचं किमान माप आहे 135 मिलिमीटर. हे माझ्या वितीपेक्षाही कमी आहे, तरी त्याहून लहान पापलेटं बाजारात वाट्याने दिसतात. मी शिंप्याकडची टेप आणून साफसफाईच्या ओट्यावर चिकटपट्टीने लावली. पोरं म्हणाली, ताई आता माशाला ब्लाउज शिवणार. पहिल्याच आठवड्यात सहा लहान इसवणी परत पाठवल्या. त्या आणणारा होडीवाला पंधरा दिवस माझ्याशी बोलला नाही आणि त्या सहाही इसवणी त्याच दुपारी शेजारच्या खानावळीत तळल्या गेल्या. म्हणजे समुद्राचं काय भलं झालं, हा प्रश्न मावसभावाने विचारला. मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही, पण टेप तिथेच आहे.

शेवटी मोठी सुरमई घ्यायला लागलो, आठवड्यातून एखादी. तिच्या तुकड्या ताटाबाहेर जातात, म्हणून मांसाचे चौकोन करून टोमॅटो आणि ऑलिव्हमध्ये शिजवतो. डोकं आणि काटे रश्शाला. पापलेट मेनूवरून सरळ काढून टाकलं. ते इटालियन पद्धतीने करण्यात तसाही काही अर्थ नव्हता, तिरफळं घालून करतात तेच बरं.

खरी मजा तिसऱ्यांत, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांत, आली.

स्पॅगेटी वोंगोले म्हणजे शिंपल्यांची स्पॅगेटी. नेपल्सकडचा पदार्थ, लसूण, तेल, मिरची, पार्सली आणि शिंपल्यांचं स्वतःचं पाणी, बस. आम्ही तो आयात केलेल्या गोठवलेल्या शिंपल्यांचा करत होतो, आणि हॉटेलपासून चालत दहा मिनिटांवर खाडीत बायका ओहोटीला कमरेएवढ्या पाण्यात तिसरे काढत होत्या. काकीची बहीण त्यातली एक. तिच्याकडून पहिले तीन किलो आणले, पुस्तकात वाचलं होतं तसं लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ घालून पाणी केलं आणि वाळू सोडायला ठेवले. दोन तास झाले, चार तास झाले, एकही तोंड उघडेना. तसेच शिजवले. पहिल्याच घासाला कचकच. गिऱ्हाईक सभ्य होतं, वाळू चावत “ऑथेंटिक आहे” म्हणालं.

दुसऱ्या दिवशी बहिणीने पाच लिटरचा कॅन आणून ओट्यावर आदळला. खाडीचं पाणी. “त्येंच्या घरचा पाणी दी त्येंका.” तेव्हा उजेड पडला. माझं मीठ समुद्राच्या हिशोबाचं होतं आणि हे जीव खाडीतले, जिथे नदीचं गोडं पाणी मिसळतं. खारटपणा एकदम वाढला की ते कवच मिटून गप्प बसतात. आता खोल परातीत जाळीची चाळण ठेवतो, तिच्यात तिसरे, वर खाडीचं पाणी, आणि वरून ओला पंचा म्हणजे अंधार. अर्ध्या तासात एकेक कवच किंचित फाकतं आणि दोन बारीक नळ्या बाहेर येतात. एकीने पाणी आत, दुसरीने बाहेर. मधूनच एखादा पिचकारी मारतो. वाळू चाळणीतून खाली बसते, त्यामुळे तीच परत ओढली जात नाही. तीन तास. मग टिचकी मारून बघायचं. टिचकीने मिटला नाही तो मेलेला, फेकायचा. कढईत उलटं असतं, उघडला नाही तो फेकायचा. नवीन पोरांचा इथे हमखास घोळ होतो.

दारूचा परवाना नसल्याने पांढरी वाइन नाही. आंबटपणासाठी कोकमाचं आगळ घालून बघितलं तर स्पॅगेटी सोलकढीच्या रंगाची झाली. आबांना तीच आवडली. आम्ही शेवटी गोव्याहून माडाचा शिरका आणला, चमचाभर पुरतो. वर चीज मागणारे असतात. देतो. इटलीत माशावर चीज घालत नाहीत हे मी पूर्वी सांगायचे, आता सांगत नाही, सुट्टीवर आलेल्या माणसाला कशाला शिकवायचं.

तर तिसरे चांगले जमले आणि मी ते मेनूवर ठळक अक्षरात टाकले. लगेच शनिवारी बावीस जणांचा गट आला, पुण्याचा, फोनवर आधी वोंगोले सांगून. त्या सकाळी काकीचा फोन: तिसरे नाहीत. का नाहीत? “आज अष्टमी. भांग असा. पाणी सुकणा नाय, तिसरे खयसून हाडू? तुझ्या त्या शेवयांका सांग, अष्टमीक उपास धरा.”

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती मोठी तशी ओहोटीही खोल जाते आणि तिसऱ्यांची पुळण उघडी पडते. अष्टमीच्या सुमाराला, म्हणजे भांगाला, पाणी धड चढतही नाही, उतरतही नाही. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, भरतीच्या हिशोबानेच आम्ही पोहायला जायचो. पण स्वयंपाकघरात शिरल्यावर ते डोक्यातून पार गेलं होतं. त्या बावीस जणांपैकी नऊ जण उठून गेले. उरलेल्यांना बांगडा खाऊ घातला, त्यातल्या एका आजोबांनी दोनदा मागितला.

त्या रात्री छापील मेनूमधलं माशांचं पान फाडलं आणि भिंतीवर फळा लावला. फळ्याशेजारी कालनिर्णय. इटालियन हॉटेलात कालनिर्णय का, असं लोक विचारतात. वोंगोले अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास चार-पाच दिवस, महिन्यातून दोनदा. बाकीच्या दिवशी फळ्यावर ती ओळच नसते.

तिसऱ्यांचं माप काकीची बहीण अंगठ्याच्या पेराने बघते. पेरापेक्षा लहान निघाले की खाडीतच परत टाकते. मी तिला युरोपातला नियम सांगितला होता: तिथल्या छोट्या पट्टेरी शिंपल्याला 25 मिलिमीटरची मर्यादा आहे आणि इटलीने 2017 पासून आपल्यापुरती 22 ची सवलत मिळवली. ती म्हणाली, “म्हणजे थयले पण आमच्यासारखेच.” केरळात अष्टमुडी सरोवरातल्या शिंपल्यांना 2014 मध्ये मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचं, म्हणजे समुद्र जपून केलेल्या मासेमारीचं, प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं, तिथे डिसेंबर ते फेब्रुवारी शिंपले काढायचे थांबतात, अंडी घालायच्या दिवसांत. हेही सांगितलं. तिने विचारलं की ते तीन महिने तिथल्या बायका काय खातात. मी गप्प. पुढच्या वर्षी तिने एक पट्टा स्वतःहून सोडला. दोन महिने तिथे कुणी पाय टाकायचा नाही असं बायकांनी आपसांत ठरवलं. माझ्या सांगण्यावरून ठरवलं असं मला वाटत होतं, तर कळलं की तिच्या सासूच्या काळी तो पट्टा असाच सोडायचे.

तारलीची गोष्ट थोडक्यात सांगते. स्वस्त, तेलकट, काट्यांची, हॉटेलात कोणी विचारत नाही असा मासा. पण भराभर वाढतो आणि वर्षभरात अंडी घालायला तयार होतो. सिसिलीत सार्डिनचा पास्ता करतात, त्यात रानबडिशेपेचा पाला, मनुका आणि चिलगोज्यासारखे दाणे असतात, वर तेलात परतलेला पावाचा चुरा. आम्ही पाल्याच्या जागी शेपू घेतला, दाण्यांच्या जागी काजूकणी आणि चुऱ्याला गावच्या बेकरीतला शिळा पाव. तारलीचं पोट फाडून कण्यावरून अंगठा फिरवला की काटा अख्खा निघून येतो. किलोभर सोलायला वीस मिनिटं लागतात, म्हणजे मासा स्वस्त आणि मजुरी महाग. आज सगळ्यात जास्त खपणारा पदार्थ तो आहे. तारली कायमची पुरेल असंही नाही. केरळात 2012 साली तिचं उदंड पीक आलं होतं आणि 2021 मध्ये ती जवळजवळ नाहीशी झाली. म्हणून तीही फळ्यावर खडूनेच लिहितो.

जून-जुलैत यंत्राच्या होड्यांना बंदी असते, 1 जून ते 31 जुलै. पूर्वी आम्हाला ती कळायचीही नाही, फ्रीझर भरलेला असायचा. आता फेब्रुवारीतच तयारी करतो. काचेच्या बरणीत मिठाचा थर, तारलीचा थर, पुन्हा मीठ, वर ताटली आणि ताटलीवर नदीतला गोटा. चार महिन्यांनी ती आंचोवीच्या, म्हणजे इटलीतल्या खारवलेल्या बारीक माशाच्या, जागी चालते. पहिल्या वर्षी बरणीत वर तपकिरी पाणी सुटलं आणि आई ते मोरीत ओतायला निघाली. मी धावत जाऊन धरली. इटलीत चेतारा गावात आंचोवीचं हेच पाणी गाळून बाटलीत भरून विकतात, कोलातुरा म्हणतात. आईने वास घेतला, नाकाला पदर लावला आणि म्हणाली, “खाऱ्याच्या बुडातला पाणी विकतत? मगे आम्ही इतकी वर्षां ओतून दिला.” जुलैतल्या पास्त्यात ते पाणी चमचाभर आणि घरचे सोडे. चढणीचे मासे लोक आणून देतात त्या दिवसांत, पोटं गाभोळीने, म्हणजे अंड्यांनी, फुगलेली असतात. ते घेत नाही. गाभोळी मला जिवापाड आवडते, हे इथे नोंदवून ठेवते.

पैशांचं विचाराल तर पहिलं वर्ष तोट्यात गेलं. फ्रीझरचं बिल कमी झालं, पण गट तुटले. ज्यांना फळा आवडत नाही ते येत नाहीत. आता बरोबरीत आहोत.

माकुलाचं मात्र जमलेलं नाही. कलमारी तळून हवी म्हणणारी चार टेबलं रोज असतात आणि माकुल जवळजवळ सगळं ट्रॉलरचं. काकीचा झील, म्हणजे मुलगा, काळोख्या रात्री खडकावरून गळ टाकून धरतो, चकचकीत, एकेक वेगळं, अंगावरचे ठिपके अजून हलत असलेलं. पण चांगली रात्र असली तर तीन किलो. बाकीच्या दिवशी ट्रॉलरचं घेतो आणि फळ्यावर पदार्थापुढे कंसात तसं लिहितो. मावसभाऊ म्हणाला, असं लिहिलंस तर कोण मागवेल? गेल्या आठवड्यात एका मुलाने वाचून विचारलं, ट्रॉलरचं म्हणजे काय? मी ओल्या हातांनी बाहेर येऊन पाच मिनिटं सगळं सांगितलं, जाळं तळ खरवडत कसं जातं, सोबत काय काय येतं. त्याने मन लावून ऐकलं, मान हलवली आणि दोन प्लेटी मागवल्या.